तौलनिक साहित्यासाठी एक लग्न

लग्नात गाणी म्हणतात, हे धर्मराज भोईरांना कळत्या वयापासून ठाऊक होतं. पण गाणी ऐकायची म्हणून आधी लग्न लावावं लागेल, तेही सोसायटीच्या गच्चीवर, आणि नवरीचा बाप म्हणून पाटावर आपणच बसू, असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला सरळ कंपनीच्या दवाखान्यात धाडलं असतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कंपनीत ते सेफ्टी खात्यात होते. हेल्मेट न घातलेला माणूस दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. अशा शिस्तीच्या माणसाच्या घरात तौलनिक साहित्य शिरलं, आणि तेही चोरपावलांनी.

ऋतिका, त्यांची एकुलती एक, उल्हासनगरात बी.एस्सी.ला होती. मुख्य विषय केमिस्ट्री. नव्या धोरणाप्रमाणे मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर विषय घ्यावा लागतो, आणि तो अगदी दुसऱ्या गल्लीतलाही चालतो. धर्मराजांनी तिच्यासाठी ‘औद्योगिक सुरक्षा’ ठरवून टाकला होता. ठरवल्यावर पोरीला सांगितलंही होतं, म्हणजे प्रश्न मिटला होता. अर्धं वर्ष उलटल्यावर जेवता जेवता त्यांनी सहज विचारलं, “काय गं, सेफ्टीत सध्या काय चाललंय?”

“पप्पा, मी कम्पॅरेटिव्ह लिटरेचर घेतलंय.”

धर्मराजांचा घास हातातच राहिला. “म्हणजे काय?”

“तौलनिक साहित्य. दोन भाषांमधल्या गोष्टी, गाणी शेजारी शेजारी ठेवायची आणि बघायची.”

“बघून काय होतं?”

“काहीतरी कळतं.”

“काय कळतं?”

“तेच तर बघायचं असतं ना!”

“तुलनाच शिकायची होती तर तुझ्या मोठ्या मामीनं फुकटात शिकवली असती,” धर्मराजांच्या पत्नी प्रगतीबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या. “माझ्या प्रत्येक साडीची केलीये तिनं.”

धर्मराज दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. पोरीनं मन मानेल तो विषय घेतला याचं दुःख होतंच, पण कंपनीत सगळ्यांना ‘माझी ऋतिका सेफ्टी करतेय’ म्हणून सांगून झालं होतं, ते दुःख जास्त होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तह केला. या सत्राचा प्रोजेक्ट मॅडमनी पास केला, तर ऋतिकानं तो विषय चालू ठेवायचा. नाही केला, तर पुढच्या सत्रापासून गुपचूप सेफ्टी. ऋतिका हो म्हणाली. ती इतक्या पटकन हो म्हणाली की धर्मराजांना तेव्हाच जरा धाकधूक वाटायला हवी होती.

प्रोजेक्ट साधाच होता. आगरी लग्नातले धवले आणि सिंधी लग्नातले लाडे, म्हणजे दोन्हीकडची लग्नगीतं, माणसांकडून ऐकून रेकॉर्ड करायची आणि त्यांचा अभ्यास मांडायचा. विठ्ठलवाडीच्या त्यांच्या सोसायटीत समोरच्याच दारात लाजवंती तलरेजा राहायच्या. लाजूआंटी म्हणजे लाड्यांचं भांडार. आणि धर्मराजांची सख्खी आत्या बनूबाई ही बदलापूरपलीकडच्या त्यांच्या गावची धवलारीण. भटजी आला नाही तरी लग्न अडायचं नाही, पण बनूबाई आली नाही तर नवरदेवाला हळदसुद्धा लागायची नाही, असा तिचा मान. घरातच दोन्ही विद्यापीठं होती. धर्मराजांना आपण तह करायला घाई केली असं वाटू लागलं.

कंपनीतल्या, आणि सोसायटीत खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या, रामभाऊंनी सल्ला दिला, “यूट्यूबवरून उतरवून घे म्हणावं. कोण तपासतंय?” धर्मराजांनी तो सल्ला घरी पोचवला नाही. प्रोजेक्ट पडावा अशी त्यांची इच्छा होती, पण लबाडीनं उभा राहावा अशी नव्हती.

रविवारी बापलेक मिळून आत्याकडे गेले. धर्मराज फक्त रिक्षा मिळायची मारामार म्हणून सोबत गेले होते. ऋतिका मोबाइल पुढे धरून म्हणाली, “आजी, एक धवला म्हण ना.”

बनूबाईनं मोबाइलकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. “लगीन कोनाचा हाय?”

“कोणाचंच नाही. कॉलेजसाठी हवंय.”

“नवरा नाय, नवरी नाय, न मी धवला बोलू? कोनाचे नावानी? उगाच देवांना हाका मारायच्या, न देव आले का सांगायचा, जा बाबांनो, कायच नाय?” बनूबाईनं पदर खोचला. “मांडव पायजे, हलद पायजे. नायतर च्या पी न जा.”

चहा पिऊन दोघं परत आली. धर्मराजांना आनंद व्हायला हरकत नव्हती. पण रिक्षात त्यांच्या डोक्यात भलताच भुंगा सुरू झाला. लहानपणापासून आत्याचे धवले ऐकले, पण तिनं मांडवाबाहेर एकदाही गायलेलं आठवेना. देवांना हाका मारतात म्हणजे नक्की कोणाकोणाला? हे आपण इतकी वर्षं कसं विचारलं नाही? त्यांनी ऋतिकाला विचारलं. ऋतिका म्हणाली, “हेच तर बघायचं असतं.” तिच्या या एका वाक्याचा धर्मराजांना भयंकर राग यायचा.

समोरच्या दारातही तीच गत निघाली. लाजूआंटी म्हणाल्या, “अकेले बैठ के लाडा कौन गाता है, बेटा? लाडा में घोट का नाम लेना पड़ता है.” घोट म्हणजे नवरदेव. आणि पाठोपाठ टाळी देऊन त्याच म्हणाल्या, “तो फिर गुड्डा-गुड्डी की शादी कर देते हैं ना! गुड्डी आपकी, गुड्डा हमारा.”

ही कल्पना बनूबाईला फोनवर सांगितली तर तीही म्हणाली, “बाहुल्यांचा लगीन चालल. आमी लानपनी लावायचू. पन सगला रीतीनं पायजे.” त्या ‘सगला’मध्ये काय काय येतं याचा कुणाला अंदाज नव्हता.

ऋतिकाची लहानपणीची चिंध्यांची बाहुली माळ्यावरून उतरवली गेली. संध्याकाळी लाजूआंटींचे यजमान हासानंद नवरदेव घेऊन आले. हासानंदांचं जीन्सचं दुकान. त्यांनी दुकानातला लहान मुलांचे कपडे लावायचा पुतळाच आणला होता. चांगला कमरेएवढा उंच, गोरापान, निळ्या जीन्समधला, एक हात कमरेवर. धर्मराजांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग आपल्या मुलीकडे पाहिलं. चिंध्यांची बाहुली वितीएवढी होती, आणि तिचा एक डोळा बटणाचा होता.

“छोटी है थोड़ी,” हासानंद समजूतदारपणे म्हणाले. “चलता है, भोईर साहब. हमें कोई एतराज नहीं. हमें तो बस लड़की चाहिए.”

मुलीकडच्यांना असा उदारपणा दाखवलेला धर्मराजांच्या वर्मी लागला. “जोडा शोभायला नको?” ते ताडकन म्हणाले. प्रोजेक्टशी आपला काही संबंध नाही, हे ते विसरले. दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना ओळखीच्या फ्रॉकवाल्याकडून ते त्याच उंचीचा मुलीचा पुतळा खांद्यावर टाकून आले. स्टेशनपासून घरापर्यंत तिघांनी विचारलं, “भोईर, दुकान काढलं काय?” एकाला ते म्हणाले, “मुलीचं लग्न आहे.” तो माणूस पुढचे कित्येक दिवस त्यांना पाहून रस्ता बदलायचा.

आता गच्चीची परवानगी. सोसायटीचे सेक्रेटरी राजरत्न साळवे हे नियमाचे पक्के. गच्चीवरच्या लग्नासाठी वधूवरांच्या वयाचा पुरावा लागतो, हा नियम त्यांनीच करून घेतला होता.

“अहो, पुतळे आहेत,” धर्मराज म्हणाले.

“पुतळे असोत. अर्जात लग्न लिहिलंय तुम्ही. उद्या कोणी विचारलं तर?”

हासानंदांनी पुतळा विकत घेतल्याची पावती शोधून आणली. राजरत्नांनी बोटांवर हिशेब केला आणि पावती परत दिली. “भोईर, नवरदेव अजून शाळेत जायच्या वयाचा आहे. मला अडकवू नका.” शेवटी धर्मराजांनी अर्जात ‘लग्न’ खोडून ‘धार्मिक कार्यक्रम’ लिहिलं. मग राजरत्नांनी सही केली, आणि कार्यक्रम धार्मिक आहे तर प्रसाद असेलच, असं सगळ्या मजल्यांवर कळवलंही. झालं, पाहुण्यांचा प्रश्न सुटला आणि जेवणाचा सुरू झाला.

लग्नाच्या दिवशी बनूबाई सकाळीच आली. तिनं मांडव तपासला, आंब्याचा टहाळा शिळा म्हणून बदलायला लावला, हळद दुकानची आहे म्हणून तोंड वाकडं केलं. पलीकडे वरपक्षानं आपला विधी सुरू केला. सिंधी रीतीत लग्नाआधी नवरदेवाच्या डोक्यावर तेल घालतात आणि मग नातेवाईक त्याच्या अंगावरचे कपडे टराटरा फाडतात. म्हणजे जुनी पीडा गेली. बायका लाडे गाऊ लागल्या, तेल झालं, आणि सगळे नवरदेवावर तुटून पडले. हासानंद ओरडत होते, “अड़े, नई जीन्स है! शर्ट फाड़ो, सिर्फ शर्ट!” कोण ऐकतंय? शर्टाबरोबर नवरदेवाचा कमरेवरचा हातही निखळून आला.

वधूपक्षात कुजबुज सुरू झाली. प्रगतीबाईंनी धर्मराजांना बाजूला घेतलं. “आधी सांगायला नको होतं का हो यांनी, हातात दोष आहे म्हणून?”

“मी बघतो,” धर्मराज गंभीरपणे म्हणाले आणि खरंच बघायला गेले. हात खाचेत बसवून त्यांनी तीनदा ओढून पाहिला, मग सेफ्टी खात्याच्या आवाजात जाहीर केलं, “फिट आहे.” टाळ्या पडल्या. पण जाता जाता त्यांनी लाजूआंटींना विचारलंच, “कपडे फाडताना ते गाणं कोणतं होतं? त्यात घोडीचं नाव का येतं? गच्चीवर तर घोडी नाही.” लाजूआंटी सांगू लागल्या. ऋतिका मोबाइल धरून उभी होती आणि तिच्या रेकॉर्डिंगमध्ये लाड्यापेक्षा पप्पांचेच प्रश्न जास्त येत होते. “पप्पा, जरा हळू,” ती दोनदा म्हणाली. धर्मराजांना ते लागलं, पण प्रश्न थांबले नाहीत.

मग हळदीची वेळ झाली. बनूबाईनं आवाज लावायच्या आधी विचारलं, “पोरीचा बाप कोन?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पोरीचा बाप खरं तर फ्रॉकवाला होता, पण तो दुकानात होता.

“बाप पाटावं बसल तवा मी तोंड उघडन,” बनूबाईनं सांगितलं आणि पानाचा डबा उघडला. डबा उघडला म्हणजे ती तासभर हलणार नाही, हे धर्मराजांना माहीत होतं. ऋतिका पप्पांकडे पाहत राहिली. नेमके त्याच वेळी कंपनीतले रामभाऊ जिन्यातून प्रसादासाठी वर आले. धर्मराजांनी एकदा रामभाऊंकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि पॅन्टवरच सोवळं गुंडाळून ते पाटावर बसले.

बनूबाईनं धवला लावला. गावदेवीपासून वाटेवरच्या वेताळापर्यंत एकेकाला तिनं मांडवात बोलावलं, आणि मग लेकीकडे आली. बापाच्या अंगणातली केळ उपटून लोकांच्या परसात लावायची, पाणी तिला कोण घालील, असं काहीसं होतं. धर्मराजांनी प्लॅस्टिकच्या त्या मुलीकडे पाहिलं. मुंडावळ्या तिच्या नाकावर आल्या होत्या. त्यांनी त्या सरळ केल्या, आणि एकाएकी त्यांच्या डोळ्यांना धार लागली. रामभाऊंनी ते पाहिलं. पुतळ्याच्या लग्नात रडलेला बाप म्हणून दुसऱ्या दिवशी ते अख्ख्या प्लांटमध्ये प्रसिद्ध झाले. लग्न लागलं, लोक जेवून गेले, आणि तलरेजांनी नवी सून मिरवत समोरच्या दारात नेली.

ऋतिकानं सगळं टाइप करून प्रोजेक्ट दिला. शुक्रवारी तो परत आला. राजसी मॅडमनी शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘डाव्या बाजूला धवले, उजव्या बाजूला लाडे. संकलन सुंदर. पण दोन्ही एकमेकांशी बोलतात कुठे? सोमवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर पास करता येणार नाही.’

ऋतिकानं शनिवारचा पूर्ण दिवस त्या पानांपुढे काढला. रविवारी दुपारी ती बाहेर आली आणि म्हणाली, “पप्पा, तुम्ही जिंकलात. मी सेफ्टी घेते.”

या वाक्याची धर्मराज महिनाभर वाट पाहत होते. आता ते ऐकल्यावर त्यांना पेपर वाचवेना. पोरीचे डोळे सुजले होते आणि आवाज अगदी सरळ होता. त्या सरळ आवाजानंच त्यांना भीती वाटली. ते उगाच उठले, पंखा वाढवला, पुन्हा कमी केला. मग म्हणाले, “मला एक सांग. आत्याचा शेवटचा धवला लेक उंबऱ्याबाहेर पडली की संपतो. बरोबर? मग पुढे तिचं काय झालं, हे कोण सांगतं?”

“कोणीच नाही. धवला तिथेच संपतो.”

“असं कसं? लेक दिली आहे आपण.”

लग्नासाठी आलेली बनूबाई अजून घरातच होती. परतीची घाई नव्हती, कारण इथे टीव्ही मोठा होता. धर्मराजांनी तिला विचारलं, “आत्या, लग्नानंतर बाप लेकीची खुशाली विचारायला जातो ना गं?”

“जातो तर. लाडू घेऊन जायाचा.”

धर्मराजांनी डब्यात लाडू भरले, बनियनवर शर्ट चढवला आणि समोरची बेल वाजवली. “लेकीला भेटायला आलोय,” ते म्हणाले. लाजूआंटींना यात काहीही चमत्कारिक वाटलं नाही. त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली. आत सोफ्यावर सून जोडीनं बसली होती. तिच्या अंगावर आता नवी कोरी जीन्स होती.

“सून घरात आली की तुमच्यात काय गातात?” धर्मराजांनी विचारलं.

लाजूआंटी दारातच गाऊ लागल्या. सून आली, दूध-मीठ आणा, घर तिच्या पावलांनी भरलं, तिला उभी ठेवू नका, असं त्या मध्येच हिंदीत सांगतही होत्या. पॅसेजपलीकडे बनूबाई भोईरांच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. व्याह्यांच्या घरात न बोलावता जायचं नाही, म्हणून ती तिथेच थांबली. लाजूआंटींनी श्वास घ्यायला थांबावं तेवढ्यात तिनं आपल्या दारातून आवाज टाकला.

“लेक दिली तुमचे दारी, उशाला तिचे काय गो?
भूक लागली सांगल नाय, इचाराल का माय गो?”

लाजूआंटींना शब्द कळले नसावेत, पण सवाल कळला. त्यांनी सिंधीत उत्तर दिलं, हात नाचवत, जरा ठसक्यात. बनूबाईनं पुन्हा विचारलं. लाजूआंटींनी पुन्हा ऐकवलं. एका दारातून काळजी निघत होती, दुसऱ्या दारात तिचं स्वागत होत होतं, आणि मधल्या पॅसेजमध्ये ऋतिका मोबाइल धरून उभी होती. लिफ्टमधून राजरत्न बाहेर आले, काहीतरी नियम सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि धर्मराजांनी त्यांना खांद्याला धरून हळूच परत लिफ्टमध्ये घातलं.

गाणी थांबली. पोरीचा चेहरा पाहून धर्मराजांना कळलं की आपण तह हरलो. त्याचं त्यांना अजिबात वाईट वाटत नव्हतं, याचंच त्यांना नवल वाटत होतं. पण प्रश्न काही पाठ सोडेना.

“आत्या, बापाचं गाणं झालं, सासूचं झालं. नवरी स्वतः काय म्हणते?”

“नवरी काय बोलल? ती बसलेली असते.”

“हमारे में भी कुंवार चुप ही रहती है,” लाजूआंटी म्हणाल्या.

“म्हणजे दोन्हीकडे एवढे लोक गाणार, आणि तिला कोणी विचारायचंच नाही?” धर्मराज चिडून म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. ऋतिका त्यांच्याकडे पाहत होती. त्यांना आपला हातात राहिलेला घास आठवला नाही, कंपनीत मारलेल्या बढाया आठवल्या नाहीत. फक्त एवढंच उमगलं की सेफ्टी ठरवताना या पोरीला आपण काहीही विचारलं नव्हतं, आणि नंतर तह करतानाही नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

“ऋतू,” ते म्हणाले, “तुला काय करायचंय पुढे? तू सांग.”

उत्तर बहुधा बरेच महिने तयार असावं, कारण ते लगेच आलं. “एम.ए. याच विषयात. मायनर असला की करता येतं. केमिस्ट्री मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही, पप्पा.”

धर्मराज जिन्याच्या पायरीवर बसले. बसताना खाली पाहायचं असतं, हा नियमही ते विसरले. हासानंदांनी पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर धर्मराजांनी आपल्या दाराकडे मान वळवली आणि बारीक आवाजात विचारलं, “आत्या, याला काही धवला आहे का गं?”

“याला नाय,” बनूबाई म्हणाली. “याचे वक्ताला बापानी गप बसायचा.”